मदत हवी आहे: पद्मिनीला तिसरा ब्रेकलाइट लावला, आता पार्किंग लाइट लावला तरी पेटतो

डिकीतलं_चाक (धागाकर्ता)

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1983. 12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला). डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. मागचे बल्ब मूळचेच, दोन फिलामेंटचे 21/5 वॅट. इंडिकेटरचा बल्ब वेगळा. ब्रेकचा स्विच पेडलवर नाही, ब्रेकच्या नळीवर बसतो तो दाबाचा आहे.

मागच्या काचेच्या आत पार्सल ट्रेवर 24 एलईडीचा आडवा दिवा ठेवला आहे. सप्लाय डाव्या टेललाइटच्या ब्रेकच्या वायरवरून घेतला. अर्थ मात्र स्वतंत्र, डिकीच्या बिजागरीच्या बोल्टला.

लक्षणं अशी:
1) पार्किंग लावलं की ब्रेकला पाय न लावता तिसरा दिवा जवळजवळ पूर्ण पेटतो, आणि डावा टेललाइट विझल्यासारखा होतो.
2) पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबला तर तिसरा दिवा झकास, पण डावीकडे टेललाइटएवढाच उजेड, उजवीकडे काहीच नाही.

वायर चुकीची पकडली आहे का? रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावावा का? आणि पत्र्याला भोक न पाडता दिवा पक्का कसा बसवायचा?

---

बारा_व्होल्ट

वायर बरोबर पकडली आहे. दिवाही ठीक आहे. त्याने फक्त तुमच्या जुन्या दिव्यांची लबाडी उघडी पाडली. गाडीत दोन दोष एकदम आहेत: डाव्या होल्डरचा अर्थ तुटलाय आणि उजव्या बल्बचं 21 वॅटचं फिलामेंट गेलंय.

बल्बच्या आत दोन फिलामेंट आहेत, पण परतीची वाट एकच, ती म्हणजे बल्बची पितळी टोपी आणि होल्डर. होल्डर बॉडीला नीट टेकत नसेल तर पार्किंगचा करंट 5 वॅटच्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येतो आणि तिथे अडतो. मग तो 21 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरमध्ये शिरतो. त्या वायरवर तुमचा एलईडी आहे, आणि त्याला बिजागरीवर चांगला अर्थ मिळालाय. एलईडीला लागतो जेमतेम 120-140 मिलिअँपिअर, तेवढा त्या वाटेने सहज मिळतो. म्हणून तो पेटतो. टेललाइटच्या वाट्याला काही उरत नाही, म्हणून तो विझतो.

उजवा बल्ब गेलाय हे यावरूनच ओळखलं. तो धड असता तर त्याच्या थंड फिलामेंटने ही सगळी गळती गिळून टाकली असती आणि एलईडीपर्यंत अर्धा व्होल्टही पोचला नसता. म्हणून हा दोष नेहमी जोडीने येतो: एकीकडचा अर्थ आणि दुसरीकडचा बल्ब, किंवा दोन्हीकडचे अर्थ.

तुमचं दुसरं लक्षणही त्यातलंच. ब्रेकचा करंट डाव्या 21 वॅटमधून 5 वॅटमध्ये, तिथून पार्किंगच्या वायरने बाकीच्या दिव्यांमधून अर्थला जातो. वाटेत सगळ्यात जास्त अडवतं ते 5 वॅटचं फिलामेंट, म्हणून उजेड तेच देतं.

खात्री करायला वायरचा एक तुकडा घ्या. एक टोक डाव्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं डिकीत घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला टेकवा. भूत लगेच उतरेल.

---

ग्रीसगन

वरच्याला अनुमोदन. उजवा बल्ब बदलताना एक बघा. या बल्बच्या दोन खिळ्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावला की उलटाही बसतो. मग पार्किंगला भगभगीत आणि ब्रेकला मिणमिणता, असा उफराटा प्रकार होतो. होल्डरच्या तळाच्या दोन टिकल्या आणि त्यांच्यामागची स्प्रिंगही पाहून घ्या. स्प्रिंग मेली असेल तर होल्डरच बदला. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला या मापाचा होल्डर मिळून जातो.

अर्थसाठी होल्डर आणि पत्रा यांच्यातला गंज पॉलिश पेपरने काढत बसू नका, चार महिन्यांत परत येईल. होल्डरच्या बॉडीला 1 चौरस मिमीची काळी वायर सोल्डर करा, टोकाला 6 मिमीचं गोल थिंबल, आणि डिकीतल्या मूळ बोल्टखाली रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा. वरून पेट्रोलियम जेली. दोन्ही बाजूंना असंच. आणि एलईडीचा अर्थ बिजागरीवरून काढून याच बोल्टवर आणा. बिजागरीत रंग आणि ग्रीस दोन्ही असतात. आज चालतंय म्हणून पावसाळ्यात चालेलच असं नाही.

---

डिकीतलं_चाक

बरोबर निघालं. उजवा बल्ब काळा पडला होता, 21 वॅटची तार तुटलेली. डावा होल्डर हातात घेऊन हलवला की टेललाइट लागायचा. दोन्हीकडे वायर सोल्डर करून अर्थ एका बोल्टवर आणले. पार्किंगला आता तिसरा दिवा पूर्ण बंद.

पण ब्रेकचा उजेड अजून पिवळट वाटतो. इंजिन बंद, चावी ऑन, ब्रेक दाबून: बॅटरीवर 12.4, होल्डरच्या ब्रेकच्या टिकलीवर 10.8.

---

बारा_व्होल्ट

1.6 व्होल्ट वाटेत गेले. ऐकायला थोडे वाटतात, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे 3.4 घाताने पडतो. 10.8 भागिले 12.4 म्हणजे 0.87, आणि उजेड साधारण 60 टक्क्यांवर. दोन 21 वॅटच्या बल्बांना साडेतीन अँपिअर लागतात, म्हणजे वाटेत सुमारे 0.45 ओहम बसलाय.

तो कुठे बसलाय ते शोधा. ब्रेक कोणालातरी दाबून धरायला सांगा आणि मीटरच्या दोन्ही काड्या एकेका जोडाच्या दोन बाजूंना लावा: फ्यूजच्या दोन टोकांना, स्विचच्या दोन पिनांना, मग डिकीतल्या जोडाला. जिथे 0.2 च्या वर दिसेल तो चोर. ओहमवर ठेवून मोजू नका. बिनकरंटचा गंजका जोडही तिथे साळसूद दिसतो.

---

डिकीतलं_चाक

फ्यूजवर 0.3. स्विचवर 1.1. बाकी किरकोळ.

---

सोल्डर_काका

फ्यूजचे 0.3 फुकट परत मिळतील. सिरॅमिकचा टॉर्पेडो फ्यूज नुसता बोटाने फिरवला तरी वाचन बदलतं. त्याची टोकं आणि क्लिपा बारीक पेपरने घासा, क्लिपा चिमट्याने किंचित आत दाबा. पांढरा 8 अँपिअरचाच घाला. लाल 16 चा असतो. "सारखा उडतो" म्हणून लाल घातलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात, आणि तिथे फ्यूजऐवजी वायर जळते.

स्विचला मात्र इलाज नाही. दाबाच्या स्विचच्या आत पडदा आणि एक लहानशी तांब्याची चकती असते. दर ब्रेकला साडेतीन अँपिअर, आणि थंड फिलामेंट पेटताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. चकती जळत जाते. आधी व्होल्टेज पडतं, मग दिवा उशिरा लागतो (पाय जोरात दाबल्याशिवाय लागतच नाही), शेवटी बंद. नवा स्विच घाला, पण त्यानंतर ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढावी लागेल. त्याच्या आट्यांना टेफलॉन टेप लावू नका, तुकडा सुटून नळीत गेला तर महागात पडेल. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

आणि नव्या स्विचबरोबरच रिले लावा, म्हणजे तो पुन्हा जळणार नाही.

---

ग्रीसगन

काका, रिलेबद्दल माझं मत वेगळं आहे. एलईडीने लोड वाढलाय फक्त 0.14 अँपिअर. नवा स्विच मूळ दोन बल्बांवर कित्येक वर्षं जातो. रिले म्हणजे आणखी पाच जोड, आणि तो बिघडला तर तिन्ही दिवे एकदम बंद. तिसरा दिवा 21 वॅटच्या बल्बचा असता, एकूण सव्वापाच अँपिअर झाले असते, तर मीही रिलेच म्हटलं असतं.

---

सोल्डर_काका

ग्रीसगन, मुद्दा मान्य. पण हल्ली बाजारात मिळणाऱ्या नव्या स्विचांचा भरवसा मूळ स्विचाइतका नाही. म्हणून रिले लावायचा, पण बायपास करता येईल असा.

स्विचमधून मागे जाणारी वायर स्विचजवळ कापा. स्विचकडचं टोक रिलेच्या 86 नंबरच्या पिनेला. मागे जाणारं टोक 87 ला. 85 बॉडीला. 30 ला बॅटरीवरून 1.5 चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 10 अँपिअरचा फ्यूज. त्या फ्यूजशिवाय ही वायर ओढू नका, पत्र्याला घासली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून जाईल. 85 आणि 86 मध्ये एक 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो), पट्टीचं टोक 86 कडे. रिलेची कॉइल बंद होताना जो झटका देते तो स्विचच्या चकतीऐवजी डायोडमध्ये जिरतो. डायोड उलटा लागला तर पहिल्याच ब्रेकला फ्यूज जाईल.

86 आणि 87 च्या वायरांना सपाट पिना ठेवा, एक नर एक मादी जोडणारा आखूड तुकडा रिलेलाच बांधून ठेवा. रिले मेला तर दोन पिना काढून तुकडा जोडायचा, गाडी मूळच्यासारखी चालते. कॉइल घेते 0.15 अँपिअर, म्हणजे जुन्या स्विचवरही पडतील जेमतेम 0.05 व्होल्ट.

---

काळीपिवळी_83

भोक न पाडता बसवण्याबद्दल. सक्शन कपच्या नादी लागू नका, मे महिन्यात दुपारी पडतो, आणि पडला तर तोंड सीटकडे. 20 मिमी अ‍ॅल्युमिनियमचा अँगल घ्या, पार्सल ट्रेचे मूळ स्क्रू काढून त्याच भोकांत थोडे लांब स्क्रू घालून बसवा. गाडी पुढेमागे 50 वर्षांची झाली आणि विंटेज म्हणून नोंदवायची ठरली, तर मूळ रूप लागतं. चार स्क्रू काढले की दिवा गेला.

दिवा काचेला चिकटल्यासारखा हवा. मध्ये बोटभरही फट राहिली तर रात्री प्रत्येक ब्रेकला मागची काच आतून लाल होते आणि आरशात काही दिसत नाही. दिव्याभोवती 10 मिमी जाड काळा फोम लावून काचेवर दाबून बसवा. काच तिरपी आहे म्हणून दिवाही तिरपा ठेवायची चूक सगळे करतात. त्याचं तोंड जमिनीला समांतर सरळ मागे हवं, नाहीतर उजेड आकाशाला. बसवल्यावर 3 मीटर मागे उकिडवे बसून बघा, डिकीचं झाकण दिवा कापत असेल तर अँगल उंच करा. आणि दिवा लुकलुकवणारा "रेसिंग" मॉड्यूल अजिबात लावू नका. ब्रेकलाइट स्थिरच हवा.

---

नवा_वाचक

मध्येच विचारतो, एवढा खटाटोप करून एका पट्टीने खरंच फरक पडतो?

---

बारा_व्होल्ट

पडतो. अमेरिकेत 1974 साली जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागे एक जादा ब्रेकलाइट लावून हे तपासलं होतं, आणि 1986 च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्या जुन्या गाड्यांत आणखी एक फायदा आहे. फिलामेंट तापायला एलईडीपेक्षा साधारण 0.2 सेकंद जास्त घेतं. मागची गाडी 80 च्या वेगात असेल तर तेवढ्यात ती साडेचार मीटर पुढे येते, म्हणजे पद्मिनीच्या लांबीपेक्षा जास्त. शिवाय पद्मिनीचे मूळ दिवे खाली, पंखांच्या टोकाला. मागच्या एसयूव्हीवाल्याला बॉनेटवरून तेच आधी दिसेनासे होतात.

---

कोल्हापूर_गॅरेज

माझ्याकडे अमेरिकन गाडी आहे, मागे इंडिकेटर आणि ब्रेक एकाच फिलामेंटवर. तिला हेच करता येईल?

---

सोल्डर_काका

मागच्या दिव्यावरून वायर घेतलीत तर तिसरा दिवा इंडिकेटरबरोबर डोळे मारेल. ब्रेक स्विच आणि स्टिअरिंगवरचा इंडिकेटर स्विच यांच्यामधली वायर पकडा, तिथून स्वतंत्र वायर मागे न्या. गाडी 6 व्होल्टची असेल तर बाजारातला 12 चा एलईडी लागणारच नाही. पॉझिटिव्ह अर्थवाल्या, मॉरिस मायनरसारख्या, गाड्यांत एलईडीची लाल वायर बॉडीला आणि काळी सप्लायला जाते. तिथे दिव्याची बॉडी धातूची असेल तर आधी मीटरने बघा की ती आतून काळ्या वायरला जोडलेली नाही, आणि असेल तर रबराच्या वॉशरवर बसवा.

---

डिकीतलं_चाक

नवा स्विच, रिले, डायोड झाले. फ्यूजच्या क्लिपाही घासल्या. होल्डरवर आता 12.1, बॅटरीवर 12.4. फोम आणि अँगल उद्या. एक शेवटचं: एलईडीच्या पट्टीत प्रत्येकी तीन एलईडीला 330 ओहमचा रेझिस्टर दिसतोय, गाडी चालू असताना बॅटरीवर 14.4 असतात. चालेल?

---

बारा_व्होल्ट

तीन लाल एलईडी खातात सुमारे 6.3 व्होल्ट. उरलेले 8.1 भागिले 330, म्हणजे साडेचोवीस मिलिअँपिअर. 5 मिमीच्या एलईडीला 20 पुरेत. बंद काचेच्या गाडीत उन्हात हेच आधी मंद होतात आणि मग तीन-तीनच्या जोडीने जातात. 470 ओहम, अर्धा वॅट, आठही ओळींत बदला. मग चालू गाडीत 17 मिलिअँपिअर येतील. उजेडात फरक डोळ्याला कळणार नाही. आणि पट्टी आत हॉट ग्लूने चिकटवलेली असेल तर तोही काढा, पार्सल ट्रेवरच्या उन्हात तो मऊ पडतो. दोन बारीक स्क्रूंनी धरा.