मदत हवी आहे: अ‍ॅब्लेशनच्या आधी गोळ्या बंद की चालू?

हळदबाजार: आईचं सोमवारी पुण्यात अ‍ॅब्लेशन आहे. हृदयात नळी घालून बिघाडाची जागा जाळतात ते. एक जण म्हणतो गोळ्या आधीच बंद करा, दुसरा म्हणतो एकही चुकवू नका. आज गुरुवार झाला. दवाखान्याचा फोन लागत नाही. बंद की चालू एवढंच सांगा.

विश्रामबागकर: कुठल्या गोळ्या? अ‍ॅब्लेशन कशासाठी, ठोक्यांचा कुठला बिघाड: एसव्हीटी (अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड), फ्लटर की एएफ (अनियमित ठोके)?

हळदबाजार: धडधडीसाठी हो. अचानक सुरू होते, ठोके १९० पर्यंत जातात, अचानक थांबते. ठोके कमी करायची मेटोप्रोलॉल ५० चालू आहे.

जुना_ईसीजी: मग बंद. आधी ईपी स्टडीत (हृदयातल्या विजेची तपासणी) पेसिंग करून, म्हणजे विजेचे हलके ठोके देऊन, लागलं तर ठोके वाढवणारं आयसोप्रेनालिन देऊन, तीच धडधड मुद्दाम सुरू करतात. अंगात मेटोप्रोलॉल असलं तर ती सुरूच होत नाही, मग जाळायचं कुठे ते ठरवणार कसं? नियम पाच हाफ-लाइफचा (औषध अंगात निम्मं व्हायला लागतो तो वेळ). मेटोप्रोलॉलला दोन-तीन दिवस पुरतात. अमिओडॅरोन ही ठोक्यांचीच दुसरी गोळी मात्र आठवडेच्या आठवडे उतरत नाही.

पेठनाका: थांबा! एएफ असेल तर रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करायची नसते. डाव्या कर्णिकेत गुठळी असली तर थेट पक्षाघात. हल्ली ती गोळी चालू ठेवूनच करतात, नंतरही किमान दोन महिने देतात. "बंद" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

जुना_ईसीजी: मी मेटोप्रोलॉलबद्दल बोललो. वाचा की जरा.

पेठनाका: तीसुद्धा सरसकट नाही. हृदयाच्या धमनीत ब्लॉक असेल तर एकदम तोडल्यावर छातीत दुखू शकतं.

कृष्णाकाठ: मनगटातून करून घ्या, मांडीतून रक्त फार जातं. स्टेंट भारतीय की परदेशी तेही आधीच विचारा.

विश्रामबागकर: काका, ती अँजिओप्लास्टी. ही नळी मांडीच्या शिरेतून हृदयात जाते, स्टेंटचा संबंध नाही. हळदबाजार, फाइलवर निदान काय लिहिलंय ते टाका.

हळदबाजार: एव्हीएनआरटी (एसव्हीटीचाच प्रकार). इको नॉर्मल, ब्लॉक नाही. रक्त पातळ करायची गोळी नाही. साखरेची एक आहे, तिचा काय संबंध?

विश्रामबागकर: आहे संबंध. नाव?

हळदबाजार: डॅपाग्लिफ्लोझिन.

विश्रामबागकर: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ती किमान तीन दिवस आधी बंद करतात. उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. म्हणजे आजच. दोन्ही गोळ्यांची नावं आणि डोस कॅथलॅबला (हे जिथे करतात तो विभाग) कळवा, शेवटचा शब्द त्यांचा. ओपीडीचा नंबर सोडा, रिसेप्शनला फोन करून कॅथलॅबला जोडून मागा.

जुना_ईसीजी: आणि मधल्या दिवसांत धडधड सुरू झाली तर: अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायला लावा, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. लगेच पाठीवर आडवं करून दोन्ही पाय १५ सेकंद ४५ अंशांत वर धरा. पाय वर करण्यातच निम्मी करामत आहे, नुसतं फुंकून बऱ्याचदा थांबत नाही. चक्कर, छातीत दुखणं किंवा दम असेल तर हे करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी.

हळदबाजार: पेसमेकर बसवावा लागतो म्हणतात ते?

जुना_ईसीजी: जाळायचा स्लो पाथवे (विजेची जादा वाट) एव्ही नोडला, म्हणजे वरून खाली वीज नेणाऱ्या गाठीला, खेटून असतो. नोडला धक्का लागला तर वीज अडते (हार्ट ब्लॉक), मग पेसमेकर. प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून कमी. कायमची बरी होणारी ९५ च्या वर.

कृष्णाकाठ: येताना कोयना एक्स्प्रेसनं आणा. पेठ-सांगली रस्त्यानं टाके उसवतील.

पेठनाका: बहुतेकदा टाके नसतातच. एखादा घातला तरी डिस्चार्जआधी काढतात. आणि रस्ता आता पूर्वीसारखा नाही.

कृष्णाकाठ: पावसाळ्यात बोला.

विश्रामबागकर: गाडीनं या, पण तासातासाला उतरवून चालवा. निघण्याआधी, नळी काढल्यावर, चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. खंबाटकी घाटात अडकलात तर सीट मागे पाडून पाय लांब करू द्या. मांडीला गाठ आली, रक्त आलं तर जागा दाबून धरा आणि वाटेत सातारा लागतोच, घरी पोचायची वाट बघू नका. आठवडाभर पाण्याची बादली उचलायची नाही.

हळदबाजार: कॅथलॅबला फोन लागला. दोन्ही आजपासून बंद सांगितल्या, साखर घरी रोज तपासायची. पेठ रस्त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आईला वाचून दाखवतोय.