मदत हवी आहे: जुन्या रंधा मशीनचा स्टार्टर
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आजोबांच्या वेळचं बिडाचं रंधा मशीन आहे. मोटर ५ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, प्लेटवर ७.५ अँपिअर. मशीन ठणठणीत, पण स्टार्टरची कॉइल (स्टार्टर ओढून धरणारं तारेचं वेटोळं) जळली. वायरमन म्हणतो, सरळ रोटरी स्विच लावा. मला पटत नाही. तो स्विच चालूच राहतो, म्हणजे लाइट जाऊन परत आली की पाती आपोआप फिरणार, आणि हात तिथेच! म्हणून डीओएल स्टार्टरच (मोटर थेट लाइनवर चालू करणारा, लाइट गेली की सुटणारा) बसवायचाय. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा) ६ ते १० अँपिअरचा घेऊन साडेसातवर लावला तर चालेल ना? कॉइल ४१५ची घेऊ, की न्यूट्रल ओढून २३०ची? स्टॉपचं लाल बटण टेबलाजवळ आणायचंय, ते कॉइलच्या सिरीजमध्येच ना? ठाण्यात कोणी जाणकार मिस्त्री असेल तर सांगा.