मदत हवी आहे: कविता ऐकताना तीच ओळ रंगवायची आहे

तिसरीसाठी 4 कडव्यांची कविता, प्रत्येक कडव्याला एक स्लाइड. पॉवरपॉइंटमध्ये आवाजावर बुकमार्क (ठरावीक क्षणांच्या खुणा) टाकून ओळींच्या रंगबदलाला ट्रिगर दिलेत, म्हणजे खूण आली की ओळीचा रंग बदलतो. तिथे ताल अचूक जुळतो. वर्गातल्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस आहे, त्यातल्या इम्प्रेसमध्ये (स्लाइड दाखवायच्या प्रोग्राममध्ये) हे ट्रिगर चालत नाहीत. ओळीमागे 2.5 सेकंदांचा विलंब देऊन पाहिला, पण आवाज जरा उशिरा सुरू झाला की पुढच्या सगळ्या ओळी घसरतात. सलग व्हिडिओत हे जुळतं, मात्र कडव्याशेवटी थांबून ‘आता काय होईल?’ विचारता येत नाही, आणि तासाचा जीव तर त्यातच आहे. जोडाक्षरं नीट दिसतात, फॉन्टची अडचण नाही. वर्गात इंटरनेट नाही, नवं सॉफ्टवेअरही टाकता येत नाही.

कडव्यागणिक वेगळा एमपी4 व्हिडिओ स्लाइडमध्ये बसवला, तर इम्प्रेसमध्ये शेवटची फ्रेम क्लिक करेपर्यंत पडद्यावर टिकते का?