स्कूटरवरून पहिल्या मोटारसायकलकडे: हलकी १६० सीसी घ्यावी की कमी उंचीची ३५० सीसी?

नमस्कार,

मला गिअरची पहिली मोटारसायकल घ्यायची आहे आणि निवड दोन प्रकारांपाशी येऊन अडली आहे. आजवर मी फक्त बिनगिअरची स्कूटर चालवली आहे. रोजचा प्रवास रहदारीतून आणि अधूनमधून महामार्गावरून होईल, माझी उंची ५ फूट ३ इंच आहे, आणि हात बसेपर्यंत मागे कुणाला बसवणार नाही.

पहिला पर्याय १५० ते १६० सीसीच्या साध्या गाडीचा आहे, जिचे वजन साधारण १४० किलो भरते. दुसरा ३५० सीसीच्या भारदस्त गाडीचा. ती १८० ते १९० किलोंच्या घरात जाते, पण त्यातल्या काहींची सीट बरीच खाली असते आणि कमी आरपीएमलाच (इंजिन हळू फिरत असतानाच) चांगला टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मिळत असल्याने क्लच थोडा चुकला तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. ‘पुढे मोठी घ्यावीशी वाटणारच, मग आत्ताच घे’ हा सल्ला मला पुष्कळांनी दिला, पण तो पटत नाही. युरोपात ए२ परवान्यासाठी, म्हणजे मध्यम ताकदीच्या मोटारसायकलींच्या परवान्यासाठी, ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीची मर्यादा आहे आणि माझे दोन्ही पर्याय तिच्या निम्म्याहूनही खाली आहेत. त्यामुळे ताकदीची मला धास्ती नाही. मला काळजी आहे ती यू-टर्न घेताना, उतारावर गाडी लावताना किंवा चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी कलली, तर ती सावरता येईल का, याची. तिथे पाय जमिनीला किती टेकतो आणि पायावर किती भार येतो, हेच कामाला येते.

माहितीपत्रकातल्या सीटच्या उंचीवर मात्र मी विसंबू शकत नाही. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल, तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा आखूड पडतो. म्हणून ८०० मिलिमीटरची निमुळती सीट ७८० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोयीची ठरू शकते. दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत, की दोन्ही चवडे किंवा एक पाय पूर्ण टेकला तरी पुरे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत मला विशेष हवे आहे.

दुसरी अडचण सवयीची आहे. माझ्या स्कूटरचा डाव्या हाताचा लिव्हर मागच्या ब्रेकचा आहे, मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. अचानक कुणी आडवे आले आणि सवयीने फक्त डावा हात आवळला गेला, तर गाडी थांबणार नाही. उलट इंजिनाचा अटकावही सुटून ती तशीच पुढे जाईल. मागचा ब्रेक उजव्या पायाकडे असल्याने आणि त्या पायाला अंदाज नसल्याने घाबरून तो जोरात दाबला जाण्याचीही शक्यता आहे. सिंगल-चॅनल एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढचे चाक सांभाळते, मागचे चाक लॉक होऊन घसरू शकते. म्हणून दोन्ही चाकांचे एबीएस मी जवळजवळ अनिवार्य मानते. ही सवय मोडण्यासाठी मोकळ्या मैदानात नेमका कोणता सराव करावा?

पहिली गाडी एखाद्या वेळी पडणारच असे धरून मी वापरलेली गाडी घ्यायलाही तयार आहे. चेन आणि ती ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांची (स्प्रॉकेटची) झीज, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरमधून होणारी तेलगळती, थंड इंजिन सुरू होते का आणि टायरवरचा चार आकडी शिक्का (२३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा) एवढे पाहायचे मला ठाऊक आहे. याखेरीज काय तपासावे?

माझा कल सध्या हलक्या गाडीकडे आहे. स्कूटरवरून थेट ३५० सीसीवर गेलेल्या, माझ्याएवढ्या उंचीच्या कुणाचा अनुभव याच्या उलट असेल, तर तो कारणांसह जरूर लिहावा. विशेषतः थांबलेली गाडी हाताने ढकलून वळवणे कितपत जमते, ते सांगावे.