पंखांपेक्षा अळीचं घर बघा

ताई, ‘पंखांवरची नक्षी पाहिली की पतंगाची जात कळते’ हे तुमचं म्हणणं नाशिकला आमच्या ओट्यावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पतंगांपुरतं ठीक. हवाई बेटांवरच्या हायपोस्मोकोमा नावाच्या पतंगांपुढे ते लंगडं पडतं. कॉस्मोप्टेरिजिडी कुळातली ही चिमुकली मंडळी, पण एकाच प्रजातीत साडेतीनशेहून अधिक जाती! तिथे अळीचं घरही बघावं लागतं. रेशमाने विणलेली ही कोशी ती अंगावर वागवते. कुणाची सिगारसारखी, कुणाची गुंडाळलेल्या गोळीच्या कागदासारखी. आणि माउईवरची एक अळी तर चक्क गोगलगायीला रेशमाने पानाला जखडून खाते (२००५ मध्ये हे जाहीर झालं). पावसाळ्यात आमच्या परसातली भाजी गोगलगायींनी कुरतडली की मला हटकून तीच आठवते.