मदत हवी आहे: पाठ न केलेल्या, ऐनवेळी सुचणाऱ्या रॅप बॅटल कुठे बघायला मिळतील?

खिडकीतला कावळा:
'फ्रीस्टाइल रॅप बॅटल' शोधलं की यूट्यूबवर जे वर येतं ते पाठांतराचं वाटतं. बीट नाही, दोघं समोरासमोर, एकेक जण दोन-तीन मिनिटं सलग बोलतोय. मला जागच्या जागी जुळवलेलं ऐकायचंय. ऑनलाइन कुठे मिळेल? भाषा येत नसेल तर मजा येते का? आणि मुंबई-ठाण्यात प्रत्यक्ष जायचं तर काय बघून जावं?

चौथी_ओळ:
शंका बरोबर आहे. न्यूयॉर्कची यूआरएल (अल्टिमेट रॅप लीग), टोरांटोची किंग ऑफ द डॉट, फिलिपिन्सची फ्लिपटॉप या लीगमधला माल मुख्यतः लिहून आणलेला असतो. समोर कोण येणार हे आधीच ठरलेलं, मग तयारी होणारच. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तो खेळ वेगळा.

तुम्हाला हवंय ते स्पॅनिशमध्ये भरपूर आहे. रेड बुल बटाया ही स्पर्धा 2005 पासून चालू आहे, एफएमएस (फ्रीस्टाइल मास्टर सिरीज) लीग स्पेनमध्ये 2017 ला सुरू झाली. एफएमएसमधल्या 'इझी मोड' या फेरीत रॅपमध्ये गुंफायला दर 10 सेकंदांनी नवा शब्द मिळतो, 'हार्ड मोड'मध्ये दर 5 सेकंदांनी. 90 बीपीएमच्या (मिनिटाला 90 ठोके) बीटवर एक बार, म्हणजे चार ठोक्यांची ओळ, साधारण 2.7 सेकंदांचा. म्हणजे 10 सेकंदांत जेमतेम चार बार, 5 सेकंदांत दोनसुद्धा नीट नाहीत. घरून आणलेली ओळ घुसवायला फटच राहत नाही. सुरुवात वोस विरुद्ध आक्सिनो या रॅपरांच्या ब्युनोस आयर्स 2018 च्या बॅटलपासून करा. रेड बुलची ती आंतरराष्ट्रीय फायनल वोसनेच जिंकली.

गजर_आणि_बीट:
स्पॅनिश येत नसलं तरी चालेल, पण आपोआप होणारं भाषांतर आधी बंद करा. त्यात यमक मरतं, आणि सबटायटल मागे पडल्यामुळे लोक कशावर ओरडले तेच कळत नाही. पहिल्यांदा नुसतं ऐका आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाकडे कान ठेवा. बरेच रॅपर आधी चौथ्या बारचा पंच (टोला मारणारी ओळ) ठरवतात आणि पहिले तीन बार तिथे पोचायला वापरतात, त्यामुळे सुरुवातीला थोडं भरताड असतंच. लोक उसळले की थांबवा आणि तेवढ्याच ओळीचा अर्थ काढा.

खरं-खोटं ओळखायचं तर उत्तराची पहिली ओळ बघा. समोरच्याचा शेवटचा शब्द तिथेच उचलला असेल तर ते ताजं. भजनाची डबलबारी ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टोपी, दाढी, वजन यांवरचे टोमणे मात्र पुरावा नाहीत, ते कुणावरही चिकटतात.

रिंगणाबाहेरचा:
प्रत्यक्षासाठी इन्स्टाग्रामवर शहराच्या नावासोबत 'सायफर' आणि 'रॅप बॅटल' दोन्ही शोधा. सायफर म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप, त्यात हार-जीत नसते. बॅटलचं पोस्टर असेल तर फॉरमॅट, वेळ आणि परीक्षक दिलेत का ते बघा. निकाल फक्त गर्दीच्या आवाजावर असेल तर ज्याचे मित्र जास्त तो जिंकतो, एवढं गृहीत धरून जा.

माइक दोन हवेत. एकच माइक हातोहात फिरला की प्रत्येक उत्तराचा पहिला बार वाया जातो, आणि नेमकी तिथेच गंमत असते. स्पीकरला चिकटून उभे राहू नका, बेसमध्ये शब्द बुडतात. बीटबॉक्सवरचं (तोंडाने काढलेल्या तालावरचं) सायफर असेल तर उलट अगदी रिंगणाला लागून उभे राहा. टीव्हीवरचा 'हसल' हा रॅप शो या कामाचा नाही, तिथे मुख्यतः बसवलेली गाणी असतात.

खिडकीतला कावळा:
धन्यवाद! बारा वर्षांची भाची सोबत येईल. शिव्यांचं काय?

रिंगणाबाहेरचा:
बॅटलमध्ये आई-बहीण निघतेच, भाचीला तिथे नेऊ नका. दिवसा उघड्यावर होणारं सायफर न्यायला बरं, तरी आयोजकांना आधी मेसेज करून विचारा. काही जण शिव्या नकोत म्हणून आधीच सांगून ठेवतात.