सल्ला हवा: ५ महिन्यांच्या बाळाला घामोळं, ५०० रुपयांच्या आत पावडर कोणती?

फोंड्याची_सूनबाई: मुलीच्या मानेच्या घडीत आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठलंय. घाम आला की किरकिरते. ताप नाही, दूध नीट पिते. पावडर सुचवा. एसी सांगू नका, भाड्याचं घर आहे, मालक मीटरवरून कटकट करतो.

म्हापसेकर: एसीच घ्या. आम्ही दीड टनाचा इन्व्हर्टर घेतला, नातवाला परत पुरळ म्हणून नाही. बसवणाऱ्याने भोक भलत्याच भिंतीत पाडलं, ते रडगाणं वेगळं.

डिचोलीची_मावशी: पावडर नकोच गं. उडून बाळाच्या नाकातोंडात जाते आणि घामाने भिजून मानेच्या घडीत तिचा लगदा बसतो. घामाची तोंडं बुजतात म्हणून तर घामोळं येतं. कोमट पाण्याने आंघोळ घाल, घडी उघडून टिपून कोरडी कर, चोळू नकोस. सैल सुती झबलं घाल, दुपारी डायपर काढून ठेव.

पेडणेकर: तेल लावता का?

फोंड्याची_सूनबाई: हो, सासूबाई रोज घाण्याचं खोबरेल चोळतात.

पेडणेकर: मग तिथेच पाणी मुरतंय! पाऊस लागेपर्यंत मालीश बंद करा.

साखळीचे_आजोबा: आमची सगळी पोरं खोबरेलावरच वाढली. तेलाला नावं ठेवू नका. अंगात उष्णता आहे, सब्जाचं पाणी चमचाभर द्या.

वॉर्डातली_ताई: आजोबा, सब्जा अजिबात नको. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, वरचं साधं पाणीही नाही. ताई, गारवा ठेवूनही तीन-चार दिवसांत पुरळ उतरलं नाही, पू दिसला, लाली पसरली, ताप आला किंवा बाळ दूध घेईना, तर डॉक्टरांना दाखवा. तोंडात, तळहाता-तळपायांवर फोड आले तर तेही दाखवा, ते घामोळं नसतं. मनाने कुठलंही मलम नको, कॅलामाइनसुद्धा विचारूनच.

मडगावचा_बाप्पा: एसी नको तर कूलर घ्या. पाचेक हजारांत येतो.

पेडणेकर: बजेट ५०० आहे हो! आणि गोव्यात कूलर? नागपूरच्या कोरड्या हवेत ठीक. इथे हवेतच एवढा ओलावा, त्यात कूलर भर घालणार, मग घाम वाळणार कसा? साधा पंखा लावा, खिडक्या उघडा.

म्हापसेकर: म्हणून म्हटलं, एसी घ्या.

डिचोलीची_मावशी: आधीच सांगितलंय मी, पावडर नको.

फोंड्याची_सूनबाई: सगळ्यांचे आभार. मालीश आठवडाभर थांबवायला सासूबाई तयार झाल्या, पावडर घेत नाही. पण ह्यांनी काल दुकानातली ऑफर बघून कूलर बुक केला, आज येतोय. विचारलं तर म्हणे, गोव्यात खपत नसता तर दुकानात ठेवला असता का?

पेडणेकर: निदान पाणी न भरता नुसता पंखा म्हणून लावा.